घशातली नळी काढायची घाई नको, दिरंगाईही नको

“डॉक्टर, आबा आता डोळे उघडतात, हात दाबतात, आम्हाला ओळखतात. मग घशातली नळी अजून का ठेवलीय?”

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच असावा. मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या वेळी भूल देणे हे माझे काम आहेच, पण त्यानंतर रुग्ण स्वतःच्या बळावर श्वास घेऊ लागेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवणे हेही माझेच काम आहे. मेंदूचे ऑपरेशन म्हटले की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. सर्जन बाहेर येऊन “ऑपरेशन चांगले झाले” म्हणाले की सगळे देवाला हात जोडतात. ते योग्यच आहे. पण डोक्याचे ऑपरेशन उत्तम होऊनही पुढच्या आठ-दहा दिवसांत रुग्ण फुप्फुसाच्या दुखण्याने अत्यवस्थ होऊ शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. डोके आणि छाती यांचा हा संबंध काय आणि नळी काढण्याचा निर्णय इतका नाजूक का, हे आज पाहू.

ही नळी करते काय?

मोठ्या माणसाच्या श्वासनलिकेत घालायची ही प्लॅस्टिकची नळी आतून साधारण ७ ते ८ मिलिमीटर रुंद असते. ती तोंडातून, स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत उतरते. तिच्या खालच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो. तो फुगवला की नळीभोवतीची जागा बंद होते. नळीचे बाहेरचे टोक व्हेंटिलेटरला म्हणजे श्वास देणाऱ्या यंत्राला जोडलेले असते.

या नळीची कामे दोन. यंत्राने दिलेला श्वास फुप्फुसापर्यंत पोचवणे हे पहिले. तोंडातली लाळ आणि पोटातून वर आलेले पाणी-अन्न फुप्फुसात जाऊ न देणे हे दुसरे. पहिले काम सर्वांना माहीत असते, दुसरे लक्षात येत नाही. आजचा सगळा विषय त्या दुसऱ्या कामाचा आहे.

अपेंडिक्स किंवा हर्नियाच्या ऑपरेशनला पूर्ण भूल देऊन नळी घातली असेल, तर ऑपरेशन संपल्यावर काही मिनिटांतच ती काढतो. आधीपासून ठरवून केलेल्या मेंदूच्या अनेक ऑपरेशनांतही ती टेबलावरच काढतात, कारण रुग्ण जागा होतो का, हातपाय हलवतो का, हे सर्जनला लवकर पाहायचे असते. पण रुग्ण ऑपरेशनच्या आधीच बेशुद्ध असेल, मेंदूला सूज असेल, रक्तस्राव मोठा असेल किंवा ऑपरेशन मेंदूच्या देठाजवळ झाले असेल, तर नळी काही दिवस ठेवावी लागते.

राखणदार झोपलेला असतो

आपल्या तोंडात दिवसभरात सुमारे अर्धा ते दीड लीटर लाळ तयार होते. झोपेतसुद्धा आपण ती नकळत गिळत असतो. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावरचे झाकण खाली येते, स्वरतंतू मिटतात आणि घास किंवा लाळ मागच्या अन्ननलिकेत जाते. चुकून थेंब पुढच्या वाटेला गेला, तर जोराचा ठसका लागून तो बाहेर फेकला जातो. या सगळ्याची सूत्रे मेंदूच्या देठातून हलतात. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्यांपैकी नववी, दहावी आणि बारावी जोडी यात मुख्य काम करते.

न्यूमोनियामुळे यंत्रावर ठेवलेल्या रुग्णाची फुप्फुसे बिघडलेली असतात. ती सुधारली की नळी निघते. मेंदूच्या रुग्णाचे उलटे असते. फुप्फुसे बहुधा चांगली असतात, छातीचे स्नायूही ठीक असतात, पण वाटेवरचा राखणदार झोपलेला असतो. घर धडधाकट, पण दार सताड उघडे, अशी ही अवस्था. रुग्ण यंत्राशिवाय श्वास घेऊ शकतो याचा अर्थ तो स्वतःची लाळ सांभाळू शकतो असा होत नाही.

दुसरी अडचण कर्बवायूची. रक्तातला या वायूचा दाब साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर असतो. श्वास उथळ पडला की तो वाढतो. तो वाढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कवटीच्या आतला दाब चढतो. कवटी हाडाची, तिला पसरायला जागा नाही. त्यामुळे आधीच सुजलेल्या मेंदूवर आणखी ताण येतो, रुग्ण अधिक सुस्त होतो आणि श्वास आणखी मंदावतो. नळी चुकीच्या वेळी काढली तर हे दुष्टचक्र काही तासांत सुरू होऊ शकते.

माझी चूक

ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, आज वाचकांनाही सांगतो. माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. पन्नाशीचे एक शेतकरी होते, घरात सगळे त्यांना आबा म्हणत. कानाच्या नसेजवळ, मेंदूच्या मागच्या भागात गाठ होती. सर्जननी ती कौशल्याने काढली. तिसऱ्या दिवशी आबा पूर्ण जागे होते. सांगितले की अंगठा वर करून दाखवत. यंत्राचा आधार अगदी कमी केला होता, रक्तातला प्राणवायू उत्तम होता. दाराबाहेर पाच-सहा माणसे उभी होती. थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, “डॉक्टरसाहेब, ते खुणेने सारखं नळी काढा म्हणतायत. बघवत नाही हो आम्हाला.”

मलाही बघवत नव्हते. मी यंत्रावरचे आकडे पाहिले आणि नळी काढायचे ठरवले. ड्युटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, “सर, लाळ फार येतेय. दर अर्ध्या तासाला सक्शन करावं लागतंय.” मी ते ऐकले, पण त्याला वजन दिले नाही. सकाळी अकराला नळी काढली. आबा बोलले. आवाज घोगरा होता, घशात पाणी साचल्यासारखा ओला होता. मला वाटले, नळीमुळे असेल. बाहेर सगळ्यांना आनंद झाला.

संध्याकाळी आबांचा श्वास मिनिटाला ३६ झाला. खोकत होते, पण खोकल्यात जोर नव्हता. रात्री प्राणवायू घसरला आणि नळी पुन्हा घालावी लागली. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसला. श्वासनलिकेची उजवी फांदी डावीपेक्षा सरळ व रुंद असते, त्यामुळे चुकून आत गेलेली वस्तू बहुधा उजवीकडेच उतरते. आबांची स्वतःची लाळ दिवसभर तिकडे झिरपत होती. पुढे न्यूमोनिया झाला, गळ्याला छिद्र करावे लागले, तीन आठवडे जास्त राहावे लागले. आबा वाचले, काठी टेकत घरी गेले. पण ते तीन आठवडे आणि त्या घराचा झालेला खर्च माझ्या घाईमुळे होता. यंत्रावरचे आकडे श्वासाबद्दल खरे बोलत होते. राखणदाराबद्दल खरे फक्त सिस्टर बोलल्या होत्या.

नळी काढण्यापूर्वी काय पाहतात?

पहिली गोष्ट म्हणजे मूळ दुखणे स्थिरावले आहे का. मेंदूची सूज वाढत नाही ना, फिट येत नाहीत ना, पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता नाही ना, हे सर्जनशी बोलून ठरवतात.

दुसरी, श्वासाची परीक्षा. यंत्राचा आधार कमीत कमी करून रुग्णाला अर्धा ते दोन तास स्वतःच्या बळावर श्वास घेऊ देतात. श्वासाची गती, नाडी, रक्तदाब, प्राणवायू यांवर लक्ष ठेवतात.

तिसरी, शुद्ध. त्यासाठी ग्लासगो कोमा स्केल नावाची मोजपट्टी जगभर वापरतात. स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी ती १९७४ साली मांडली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तिन्हींचे गुण मिळून बेरीज ३ ते १५ होते. मात्र तोंडात नळी असताना रुग्ण बोलू शकत नाही, म्हणून बोलण्याचे गुण नीट मोजता येत नाहीत. तेव्हा डोळे उघडून आपल्याकडे पाहतो का, सांगितलेली गोष्ट करतो का, याला महत्त्व येते.

चौथी, खोकला. नळीतून कफ ओढताना रुग्ण जोरात खोकतो का? काही डॉक्टर नळीच्या तोंडापासून एक-दोन सेंटिमीटरवर पांढरे कार्ड धरतात आणि रुग्णाला खोकायला सांगतात. कार्ड ओले झाले तर खोकल्यात दम आहे. परीक्षा बिनखर्चाची आहे, पण बरेच सांगून जाते.

पाचवी, लाळ आणि गिळणे. तासाभरात किती वेळा सक्शन करावे लागते, कफ पातळ आहे की घट्ट, रुग्ण लाळ गिळताना दिसतो का, हे पाहायचे. या बाबतीत जवळ बसणाऱ्या सिस्टरचे मत मी आता सर्वांत आधी विचारतो.

सहावी, घशाची सूज. नळी बरेच दिवस राहिली असेल तर स्वरयंत्र सुजू शकते. फुगा सोडल्यावर नळीभोवतून हवा निसटते का ते पाहतात. निसटत नसेल तर सुजेची शंका घेऊन काही तास आधी स्टेरॉइड देतात.

मग वाट पाहत राहावे का?

वरचे वाचून कोणी म्हणेल, एवढा धोका असेल तर नळी पंधरा दिवस राहू द्या. तसेही नाही. नळी ही राखणदाराच्या जागी बसवलेली तात्पुरती सोय आहे, आणि तिच्यातही चोरवाट असते. फुग्याच्या वर लाळ साचते आणि थोडी थोडी खाली झिरपते. नळीच्या आतल्या बाजूला जंतूंचा थर धरतो. नळी घातल्यापासून ४८ तासांनंतर होणाऱ्या न्यूमोनियाला तर यंत्राशी निगडित न्यूमोनिया असे वेगळे नावच आहे. शिवाय नळी सहन व्हावी म्हणून गुंगीची औषधे द्यावी लागतात आणि त्यांनी जागे होणे आणखी लांबते.

अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूला इजा झालेल्या १३६ रुग्णांची पाहणी केली होती. श्वासाच्या बाबतीत तयार असूनही केवळ पुरती शुद्ध आली नाही म्हणून ज्यांची नळी लांबवली, त्यांच्यात न्यूमोनिया अधिक आढळला आणि त्यांचा रुग्णालयातला मुक्कामही वाढला. तोवर ‘पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत नळी काढू नये’ असे बहुतेक जण मानत. त्या समजुतीला या अभ्यासाने धक्का दिला.

दुसऱ्या बाजूला, १८ देशांतील १५१२ रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात मेंदूच्या ज्या रुग्णांची नळी काढली, त्यांच्यापैकी सुमारे १९ टक्के जणांना पाच दिवसांच्या आत ती पुन्हा घालावी लागली. म्हणजे जाणत्या डॉक्टरांच्या हातूनही पाचातल्या जवळजवळ एकाच्या बाबतीत अंदाज चुकतो. ज्यांच्या खोकल्यात जोर होता आणि ज्यांना गिळता येत होते, त्यांची नळी अधिक वेळा यशस्वी निघाली. तेव्हा नळी पुन्हा घालावी लागली म्हणजे डॉक्टरांनी हयगय केली, असे लगेच धरू नये. माझ्यासारखी डोळ्यांसमोरची खूण सोडून दिली असेल तर ती चूक. सगळे पाहूनही अंदाज चुकला तर तो या दुखण्याचा स्वभाव आहे.

गळ्याच्या छिद्राची भीती

राखणदार जागा व्हायला बरेच दिवस लागणार असे दिसले, तर गळ्याच्या पुढच्या बाजूला छोटे छिद्र करून तिथून नळी घालतात. हिला ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात. हे नाव ऐकताच नातेवाईकांना वाटते, आता संपले. खरे तर त्याने तोंड मोकळे होते, गुंगीची औषधे कमी करता येतात, कफ सहज काढता येतो, रुग्णाला खुर्चीत बसवता येते. बहुतेकांच्या बाबतीत सुधारणा झाल्यावर नळी काढली की छिद्र आपोआप भरून येते.

आजच्या अतिदक्षता विभागाचा जन्मच मुळी या छिद्राशी जोडलेला आहे. १९५२ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. घशाचे आणि छातीचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना त्या वेळच्या यंत्रांत ठेवत, पण पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ जणांपैकी २७ दगावले. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र करून फुगा असलेली नळी घालायला आणि रबरी पिशवीने हाताने श्वास द्यायला सुरुवात केली. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रात्रंदिवस त्या पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. फुफ्फुसात हवा जाणे जितके गरजेचे, तितकेच लाळ न जाणेही गरजेचे, हा धडा वैद्यकशास्त्राने तिथे गिरवला.

नळी निघाल्यानंतरचे तीन दिवस

नळी निघाली की पेढे वाटू नका, असे मी गमतीने सांगतो. पहिले ४८ ते ७२ तास डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे लागते. खोल श्वास न घेतल्याने फुप्फुसाचा खालचा भाग मिटून बसतो. कफ साचला की त्यात न्यूमोनिया होतो. फार दिवस निजून राहिल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, ती सुटून फुप्फुसात अडकली तर एकाएकी धाप लागते आणि जिवावर बेतू शकते.

पुढील खुणा दिसल्या तर ताबडतोब सिस्टरला हाक मारा: श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, घशात घरघर किंवा ओला आवाज, श्वास मिनिटाला तीसच्या वर, छातीवरचा घाम, खोकायला जोर न लागणे, आणि जागा असलेला रुग्ण पुन्हा पेंगू लागणे. ही शेवटची खूण फार महत्त्वाची. “बरे झाले, झोप लागली” असे समजू नका.

घरच्यांनी काय करावे?

डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तोंडाने पाण्याचा थेंबही देऊ नये. रुग्णाचे ओठ सुकलेले असतात, तो खुणेने पाणी मागतो, आणि आई किंवा बायको पदराआडून दोन चमचे पाणी, चहा किंवा शहाळ्याचे पाणी देते. त्यामागची माया मला कळते. पण दुबळ्या घशाला पाणी हेच सर्वांत अवघड असते. पातळ पदार्थ झटकन निसटतो आणि गिळण्याची क्रिया सुरू होण्याआधीच श्वासनलिकेत पोचतो. म्हणून गिळण्याची तपासणी झाल्यावर पुष्कळदा सुरुवात घट्टसर पदार्थाने करतात, पाणी मागाहून देतात. तोवर नाकातल्या नळीने पोट भरत असते, रुग्ण उपाशी नसतो. ओठ ओल्या कापसाने पुसले तरी त्याला बरे वाटते.

पलंगाची डोक्याकडची बाजू साधारण ३० अंश वर ठेवतात. तुम्ही भेटून जाताना ती खाली करू नका. त्याने मेंदूवरचा दाबही कमी राहतो आणि पोटातले वर येत नाही. दात आणि जीभ रोज मऊ ब्रशने साफ व्हायला हवी, कारण तोंडातले जंतूच पुढे फुप्फुसात उतरतात. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले खोल श्वास आणि तीन चेंडूंच्या यंत्राचा व्यायाम करून घ्यावा, पण जोर किती लावायचा हे सर्जनला विचारूनच. पाय हलवत राहावे. पाय सुजला किंवा दुखू लागला तर चोळत बसू नका, दाखवा. रुग्णाला हात लावण्यापूर्वी हात धुवा.

ऑपरेशन ठरवून होणार असेल तर आधी खरे सांगा. बिडी-सिगारेट किती, दमा आहे का, रात्री फार घोरतो का, दात हलतात का, कवळी आहे का, हे भूलतज्ज्ञाला कळले पाहिजे. बिडी-सिगारेट त्याच दिवशी बंद करा. जितकी आधी सुटेल तितके बरे.

शेवटी पुन्हा दारातल्या प्रश्नाकडे येतो. “नळी कधी काढणार?” असे विचारायला माझी हरकत नाही. पण त्याऐवजी असे विचारा: “खोकल्यात जोर आला का? लाळ किती वेळा काढावी लागते? गिळता येते का?” या तीन प्रश्नांची उत्तरे चांगली येऊ लागली की नळीचा दिवस जवळ आला असे समजा. त्या वर्षी आबांच्या मुलाने मला हे प्रश्न विचारले असते, तर कदाचित मीही दोन दिवस थांबलो असतो.